पहिली रायफल आणि दुसऱ्याच्या मापाचा दस्ता

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक होते. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील कुस्तीच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदकासाठी तब्बल ७२ वर्षे थांबावे लागले. साहजिकच सत्कार झाले, मिरवणूक निघाली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. मुलाच्या सरावासाठी शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढल्याची हकिगतही वृत्तपत्रांतून आली. त्यानंतर अनेक पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असणार : आपल्या मुलाला किंवा मुलीला हा खेळ शिकवायचा, तर सुरुवात कशाने करावी?

पुण्या-मुंबईच्या पालकांना या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. बालेवाडीची शूटिंग रेंज आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे. हाच प्रश्न यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या बोरी अरबमधून विचारला, तर उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातले कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील गाव. यवतमाळ जिल्ह्यात 'रायफल' हा शब्द उच्चारला की नेमबाजी आठवत नाही. आठवते ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगावच्या जंगलात गोळी घालून मारलेली 'टी-१' वाघीण. नाहीतर रोही आणि रानडुकरांनी उभे पीक फस्त केल्यावर शेतकऱ्यांनी केलेली बंदुकीच्या परवान्याची मागणी. खेळाचे साधन म्हणून रायफल इथल्या मुलांच्या हाती येते ती बहुधा राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात, २५ यार्डांवरच्या लक्ष्यासमोर. हातात असते पॉइंट २२ ची बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलून मागे ओढायची आणि पुन्हा पुढे ढकलायची साधी, टिकाऊ, स्वस्त बंदूक.

इथेच एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पावणेसहा फुटी शिक्षकाने नेम धरलेली तीच रायफल पुढच्या मिनिटाला पावणेपाच फुटी मुलीच्या हाती दिली जाते. ती पालथी पडते, दस्ता खांद्याला लावते, मान ताणते, चापापर्यंत बोट जेमतेम पोचते आणि पाच गोळ्या लक्ष्याच्या कडेला विखुरतात. निष्कर्ष निघतो, 'हिला जमत नाही.' वास्तविक जमत नसते ते त्या लाकडाला.

रायफलीची नळी आणि यंत्रणा गोळी कुठे जाईल ते ठरवतात, हे खरेच. पण नळी दर वेळी त्याच जागी रोखली जाईल की नाही, हे ठरवतो दस्ता, ज्याला नेमबाज 'स्टॉक' म्हणतात. खांदा, गाल, चापावरचा हात आणि पुढचा आधाराचा हात, अशा चार ठिकाणी माणूस रायफलीला भेटतो आणि या चारही जागा दस्त्यावर असतात. ५० मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्याशा जागेसाठी शरीराला दर गोळीगणिक नवी तडजोड करावी लागत असेल, तर उत्तम नळीही फारशी कामाची राहत नाही.

ही गोष्ट नवी नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश लष्कराला ती ठाऊक होती. पहिल्या महायुद्धात वापरल्या गेलेल्या ली-एनफिल्ड रायफलीचा मागचा दस्ता एकाच मापाचा नव्हता. नेहमीचा, लांब आणि आखूड अशी मापे असत, त्यांत अर्ध्या-अर्ध्या इंचाचा फरक असे आणि लाकडावर तशी अक्षरे ठोकलेली असत. उंचीने फार कमी असलेल्या सैनिकांच्या 'बँटम' पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यासाठी त्याहूनही आखूड दस्ता निघाला. लाखोंच्या संख्येने माणसे खंदकात धाडणाऱ्या यंत्रणेला सैनिकाच्या हाताची लांबी मोजणे परवडत होते. चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या बाबतीत आपल्याला ते परवडू नये, हे जरा चमत्कारिकच आहे.

आता हौशी नवशिक्याच्या बाजूने पाहू. समजा, परवान्याचे सोपस्कार पार पाडून कोणी एखादी स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफल मिळवली. भारतात ती बहुधा सरकारी कारखान्याची असते. पॉइंट २२ ची स्पोर्टिंग रायफल इशापूरच्या रायफल कारखान्याची. हा कारखाना आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत विभाजन झाल्यानंतर 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या कानपूरच्या सरकारी कंपनीकडे गेला. दुसरी ओळखीची रायफल म्हणजे पॉइंट ३१५. ब्रिटिशांनी लष्करी पॉइंट ३०३ ची काडतुसे सामान्य नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून वेगळ्या मापाचा आग्रह धरला, त्यातून ही रायफल इथे रुजली. ती लक्ष्यवेधाच्या खेळाची नव्हे, शिकारीच्या जमान्यातली. शिकार बंद झाली, रायफल तेवढी राहिली.

या रायफली चालतात, दणकट असतात. त्यांचे लाकूड मात्र एका काल्पनिक 'सरासरी पुरुषा'साठी कापलेले असते. म्हणून नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो दस्ता बदलण्याचा. अमेरिकेत हा विचार अमलात आणणे अगदी सोपे आहे. 'रुगर अमेरिकन' किंवा 'सॅव्हेज ॲक्सिस' यांसारख्या स्वस्त रायफलींचा प्लास्टिकचा दस्ता पुढच्या भागात लवचिक असतो. दुपायीवर भार टाकला की तो वाकून नळीला टेकतो आणि नेम हलतो. त्यामुळे 'बॉइड्स'चा थरांच्या लाकडाचा किंवा 'मॅगपुल'चा कडक दस्ता घरपोच मागवायचा, दोन स्क्रू काढायचे, नवा बसवायचा. आपल्याकडे हे चित्रफितींत पाहिलेला तरुण तोच उपाय शोधू लागतो आणि अडतो. दस्त्याच्या आतला खाचा त्या-त्या रायफलीच्या यंत्रणेच्या बेतानेच कोरलेला असावा लागतो. एका कंपनीचा दस्ता दुसरीला बसत नाही. पॉइंट ३१५ सारख्या ली-एनफिल्ड घराण्यातल्या रायफलीचा दस्ता तर दोन तुकड्यांचा असतो. पुढचे लाकूड वेगळे, मागचे वेगळे, मध्ये धातूचा सांधा आणि मागच्या लाकडातून जाणारा एक लांब बोल्ट. एकसंध आधुनिक सांगाडा तिच्यावर चढवणे जवळपास अशक्यच. जुन्या ली-एनफिल्डमध्ये आणखी एक मेख आहे. पुढचे लाकूड न काढता मागचा बोल्ट फिरवला, तर पुढच्या लाकडाला चीर जाऊ शकते. उत्साहाच्या भरात अशी कित्येक जुनी लाकडे फुटली आहेत.

मग गावच्या सुताराकडून नवा दस्ता करून घेण्याची कल्पना पुढे येते. यवतमाळ सागवानाचा जिल्हा आहे, तेव्हा मोह स्वाभाविक. परंतु जगभर दस्त्यासाठी अक्रोडाला पसंती मिळाली ती केवळ देखणेपणामुळे नव्हे. ते लाकूड धक्का सोसते आणि बारीक कोरीवकामात कडा धरून ठेवते. साग टिकाऊ खराच, पण त्यात तेल असते, त्यामुळे डिंक आणि इपॉक्सी नीट धरत नाहीत, आणि तो रेषेने चिरतो. घराच्या दाराला साजेसे लाकूड बंदुकीच्या मनगटाशी, म्हणजे चापामागच्या अरुंद भागाशी, दगा देऊ शकते. हौसेखातर करायचे तर करावे. नेम सुधारण्यासाठी मात्र ही वाट लांबची आहे.

जवळची वाट अशी की, दस्ता बदलण्याआधी आहे तो दस्ता आपल्या मापाचा करून घ्यावा. यात पैसा कमी लागतो आणि लक्ष जास्त. रायफल पूर्ण रिकामी करून, बोल्ट काढून बाजूला ठेवून मगच या कामाला हात घालायचा, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगितलेले बरे.

पहिले माप लांबीचे : चापापासून दस्त्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर. कारखान्याच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा इंचांच्या आसपास असते. कोपरात दस्ता धरून बोट चापाला लागते का, हे पाहण्याची जुनी रीत ढोबळ आहे, कारण माणूस कोपराने नेम धरत नाही. खरी कसोटी नेम धरलेल्या अवस्थेत घ्यावी. तर्जनीचे पहिले पेर चापावर सरळ मागे दाबता आले पाहिजे. बोट ताणावे लागले की चाप तिरका ओढला जातो आणि गोळ्या एका बाजूला सरकू लागतात. दस्ता लांब असेल तर तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर घसरतो, मुलगी मागे रेलते आणि पाठ दुखू लागली की तिचे लक्ष लक्ष्यावरून उडते. दस्ता आखूड असेल तर मागे लाकडाच्या किंवा रबराच्या चकत्या घालून लांबी वाढवता येते. लांब असेल तर कापावा लागतो आणि कापलेले परत जोडता येत नाही. म्हणून संस्थेच्या रायफलीसाठी उत्तम उपाय म्हणजे दस्ता एकदाच आखूड करून वर काढता-घालता येणाऱ्या चकत्या बसवणे. आखूड हातांना आखूड, लांब हातांना लांब.

दुसरे माप गालाच्या उंचीचे, आणि माझ्या मते नवशिक्याचे सर्वाधिक नुकसान याच्याकडे दुर्लक्ष केल्याने होते. जुन्या दस्त्यांची वरची कड नळीला चिकटून असलेल्या साध्या साइटसाठी बेतलेली असते. तिच्यावर दुर्बीण बसवली की डोळ्याची रेषा इंचभर तरी वर जाते आणि दस्ता खालीच राहतो. मग गाल टेकण्याऐवजी हनुवटी टेकते, डोके हवेत तरंगते. प्रत्येक गोळीला डोळा दुर्बिणीमागे किंचित वेगळ्या जागी येतो आणि त्याबरोबर लक्ष्यावरची फुलीही सरकलेली दिसते. मोठ्या रायफलीसाठी बनवलेली, शंभर यार्डांवर जुळवलेली दुर्बीण ५० मीटरवर वापरली तर हा दोष अधिकच जाणवतो. तपासणी सोपी आहे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल सैलपणे टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. समोर चित्र पूर्ण, मधोमध दिसले तर उंची बरोबर. नाही दिसले तर फोमच्या पट्ट्या, चामड्याची बांधायची गादी, कापडी पट्टा, काहीही चालते. काही शे रुपयांच्या या कामाने जो फरक पडतो, तो अनेकदा हजारोंच्या दुर्बिणीनेही पडत नाही.

तिसरी बाब दिसत नाही. यंत्रणा लाकडात कशी बसली आहे, ही ती बाब. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकते, पावसाळ्यात फुगते. पुढचे लाकूड एका बाजूने नळीला टेकले की मे महिन्यात साधलेला नेम श्रावणात बदलतो आणि बिचारा नेमबाज स्वतःला दोष देत बसतो. बहुतेक एकसंध दस्त्यांत नळी मोकळी हवी. कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून पाहिली की कुठे अडते ते कळते आणि तेवढाच भाग सँडपेपरने उतरवता येतो. ली-एनफिल्डच्या घराण्यात मात्र हे आंधळेपणाने करू नये, कारण तिच्या काही प्रकारांत पुढच्या टोकाशी नळीला मुद्दाम दिलेला दाब हा तिच्या रचनेचाच भाग आहे. यंत्रणेच्या स्क्रूंभोवती लाकूड दबत असेल तर तिथे ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि इपॉक्सी घालून पक्का आधार देण्याची पद्धत आहे, पण ते कारागिराचे काम. दस्त्याला बाहेरून झिलई असते, आतले लाकूड बऱ्याचदा कोरडेच राहते. ओल शिरते ती तिथून. आपल्याकडे जवसाचे तेल मुबलक आणि त्याने लाकडाला शोभाही येते. ओल मात्र ते पूर्णपणे अडवत नाही, त्यापेक्षा आतून वार्निशचा पातळ हात बरा.

काही प्रशिक्षक यावर हरकत घेतील. त्यांचे म्हणणे असे की, मुलांना साधनांच्या नादी लावू नका, चांगला नेमबाज कोणत्याही रायफलीने नेम साधतो. म्हणण्यात तथ्य आहे. झगमगीत काळा सांगाडा, चार ठिकाणी पट्ट्या आणि आकडे यांनी नेम सुधारत नाही. नवशिक्याचा पैसा त्यात जाऊ नये, हे शंभर टक्के मान्य. परंतु 'कोणत्याही रायफलीने' साधणारा नेमबाज आधी योग्य मापाच्या रायफलीवर घडलेला असतो. चुकीच्या मापाच्या दस्त्यावर केलेला सराव हा चुकीचा सराव असतो. मान ताणायची, खांदा उचलायचा, हनुवटी टेकवायची सवय अंगात मुरली की ती पुढे सुटता सुटत नाही. थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत गोळ्या झाडाव्या लागतात. जागतिक दर्जाचे खेळाडू एका स्थितीतून दुसरीत जाताना खांद्याची प्लेट वर-खाली करतात, गालाचा आधार बदलतात. पॅरिसच्या पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत जाणाऱ्या आणि तिथे ४५१.४ गुणांनी कांस्य घेणाऱ्या खेळाडूला एकाच स्पर्धेत तीन मापे लागतात. शिकाऊ मुलांना मात्र आपण एकही माप द्यायला तयार नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. परवान्यावर नोंदलेला क्रमांक धातूवर कोरलेला असतो, लाकडावर नाही. म्हणून दस्त्याशी काहीही करावे असा समज आहे, तो घातक. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील 'शस्त्रे' या संज्ञेत शस्त्रांचे भागही येतात. शस्त्रांची दुरुस्ती वा रूपांतर यांचा व्यवसाय करायला परवाना लागतो. नळी आखूड करणे तर कलम ६ अन्वये परवान्याविना गुन्हाच आहे. गादी बांधणे वेगळे आणि करवत लावणे वेगळे. दुसरे काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच जायला हवे. असे कारागीर तालुक्याच्या गावी सहजी भेटत नाहीत, ही अडचण खरी. बाहेरून रायफल आणण्याचा मार्गही नवशिक्याला बंद असतो. आयातीची सवलत राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक गुण मिळवून 'नामवंत नेमबाज' ठरलेल्यांना आहे. चांगले साधन मिळवायला आधी चांगले गुण हवेत, आणि चांगल्या गुणांसाठी साधन हवे. या चक्रातून सुटण्याचा सध्याचा व्यवहार्य दरवाजा एअर रायफलचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पॉइंट १७७ मापाच्या आणि २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. बोरी अरबच्या पालकांनी मला विचारले तर मी त्यांना तिथूनच सुरुवात करायला सांगेन. तिलाही दस्ता असतोच, आणि मापाचा प्रश्न तिथेही जसाच्या तसा आहे.

म्युनिकमध्ये २०१० साली प्रोन प्रकारात विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो की सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचलेली अंजली भागवत, महाराष्ट्राच्या रायफल नेमबाजीची परंपरा मोठ्या प्रमाणात मुलींनी घडवली आहे. भागवत स्वतः छात्र सेनेतूनच या खेळाकडे वळल्या. तरीही शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवरची रायफल अजून पुरुषाच्याच मापाची आहे. खरेदीच्या निविदेत नळीची लांबी असते, वजन असते, किंमत असते. दस्त्याच्या मापाचा रकाना क्वचितच असतो. दहा रायफलींपैकी तीन आखूड दस्त्याच्या घ्या, उरलेल्यांना चकत्या आणि गालाची वर-खाली होणारी पट्टी बसवून घ्या, एवढीच अट घातली, तर एका नव्या परदेशी रायफलीच्या किमतीत एका जिल्ह्याचे काम भागेल. जिल्हा क्रीडा कार्यालयाने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, एक परवानाधारक कारागीर बोलावून संस्थांच्या रायफलींचे लाकूड आणि स्क्रू तपासून घेतले, तर यासाठी वेगळी योजनाही आखावी लागणार नाही. पदकानंतरच्या कोटींवर आपल्याकडे भरपूर वाद झडले. पदकाआधीच्या या काही हजारांच्या खर्चासाठी अंदाजपत्रकात एक ओळ कोण घालणार, हे अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही.